खालीची मात्रा

माझ्या उजव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढले आणि त्यानंतर महिन्याभराने माझ्या खोलीत संगीतशास्त्राचा वर्ग भरू लागला. या दोन घटना नुसत्या एकापाठोपाठ घडल्या नाहीत. पहिलीमुळे दुसरी घडली. दिवाणी न्यायालयात सारा जन्म वकिली केल्यामुळे, काय कशामुळे घडले हे आरंभीच नोंदवून ठेवण्याची मला सवय आहे.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, जयेंद्रगंजात, आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. तळमजल्यावरचा दुकानदार पाण्याचे भरलेले कॅन जिन्याच्या पायऱ्यांवर ठेवतो. जिना सामाईक आहे आणि सामाईक जिन्याचे कोठार करण्याचा कोणाही एकाला अधिकार नाही, हे मी त्याला दोन पत्रांनी कळवले होते. पहिल्याला उत्तर आले नाही. दुसरे वाचून तो हसला. "वकील साहब, आप तो घर के आदमी हो, चिट्ठी काहे को?" असे म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी आणखी एक कॅन वर चढला. तिसरे पत्र रजिस्टर टपालाने पाठवायला मी उतरत होतो, तेव्हा माझी काठी त्या कॅनला अडली. पत्र खिशातच राहिले आणि हाड गुडघ्याखाली मोडले. डॉक्टर म्हणाले, "या वयात हाड सावकाश जुळतं. आराम करा." बंदिवासाला आराम म्हणण्याची मुभा त्यांना कोणत्या शास्त्राने दिली, हे मी त्यांना लेखी विचारले आहे. उत्तर यायचे आहे.

घरात आम्ही दोघेच असतो, मी आणि माझी सून. मुलगा दिल्लीकडे नोकरीला. सुट्टी मिळेल तसा येतो आणि बाकीच्या वेळी फोनवरून "बाबा, ॲडजस्ट करा ना" एवढा एकच सल्ला देतो. सून मुरार भागातल्या एका शाळेत गाणे शिकवत असे. सकाळी डबा करून निघायची, दुपार उलटल्यावर परतायची. मी आडवा झालो तेव्हा दिवसा घरात कोणीतरी हवे असे ठरले. ते कोणी ठरवले, हे आजही मला सांगता येणार नाही. मला विचारले गेले नाही, आणि तिलाही कोणी विचारल्याचे मी ऐकले नाही. तिने शाळा सोडली.

महिनाभर ती गप्प होती. मग एके दिवशी माझ्या जेवणाचे ताट ठेवताना म्हणाली, "बाबा, घरबसल्या शिकवण्याचं एक काम मिळतंय. कॉम्प्युटरवरून. परदेशातल्या आपल्या मराठी मुली आहेत, त्यांना गाण्याची परीक्षा द्यायची आहे. गाणं त्या तिकडेच शिकतात, त्यांना शास्त्र शिकवायचं. व्याख्या, राग, ताल. आधी काही दिवस बघणार, मग पाहणीसाठी संस्थेच्या एक बाई कॉम्प्युटरवरूनच वर्गात बसणार. त्यांना पटलं तर काम पक्कं."

"आणि नाही पटलं तर?"

"नाही पटलं तर काय, बाबा. मग मी आणि कुकर."

हे तिने हसत सांगितले. मी हसलो नाही, कारण वाक्याचा अर्थ मला पुरता कळला होता.

अडचण जागेची होती. आमच्या पुढच्या दोन्ही खोल्या रस्त्यावर आहेत आणि दाल बाजाराकडे पोती घेऊन जाणारे टेम्पो दिवसभर त्यांच्याखालून भोंगे वाजवत जातात. मागची खोली शांत आहे. इंटरनेटचा डबाही तिथेच भिंतीला आहे. आणि मागची खोली माझी. तिने खोलीच्या मधोमध दोरी बांधून तिच्यावर एक निळी चादर टाकली. चादरीच्या पुढे टेबल, कॉम्प्युटर आणि पाठमोरी ती. चादरीच्या मागे पलंग, प्लास्टर आणि मी. दार तिच्या बाजूला. म्हणजे वर्ग चालू असताना मला बाहेर नेणेही अशक्य, कारण चाकाची खुर्ची, तिच्यावर मी आणि माझा सरळ ताणलेला पाय अशी मिरवणूक सात समुद्रांपलीकडच्या मुलींना दिसली असती.

"खोकायचं नाही, बाबा. रेडिओ नाही. फोन आला तर कापायचा. आणि प्लीज, स्वतःशी बोलायचं नाही."

"मी स्वतःशी बोलतो?"

"युक्तिवाद करता. मोठ्यानं."

मी हे नियम लेखी मागितले. तिने ते एका कागदावर लिहून चादरीच्या माझ्या बाजूला टाचणीने लावले. खाली सही करायला मात्र तिने नकार दिला.

तर असा मी रोज संध्याकाळी त्या निळ्या चादरीमागे बंद होत असे. आधी मोबाइलवरचा तानपुरा सुरू व्हायचा. कोणी एकच वाक्य अखंड म्हणत राहावे आणि आपल्याला उत्तर देण्याची मुभा नसावी, तसा तो मला वाटे. मग मुलींचे आवाज: "नमस्कार मॅम", "मॅम, मला ऐकू येतंय ना?", "मॅम, कॅमेरा चालत नाहीये". कोणाचा चेहरा मी कधी पाहिला नाही. माझ्यासमोर निळे कापड होते आणि त्याच्यावर दिव्यामुळे पडलेली सुनेची सावली.

पहिल्या पाठात तिने नाद शिकवला. वस्तू कंप पावते, कंपनातून ध्वनी होतो. कंपने नियमित असली आणि कानाला गोड लागली तर त्या ध्वनीला नाद म्हणायचे. अनियमित असली तर तो गोंगाट. संगीताचा संबंध फक्त नादाशी. चहाच्या वेळी मी तिला विचारले, "माझा खोकला कोणत्या वर्गात मोडतो?"

"गोंगाट," ती म्हणाली. "पण नियमित असतो, ते मान्य."

दुसऱ्या दिवशी सप्तक आले. सात शुद्ध स्वर. त्यांतले रे, ग, ध, नी आपल्या जागेवरून खाली सरकतात, तेव्हा त्यांना कोमल म्हणतात. मध्यम वर सरकतो, तो तीव्र. असे पाच मिळून बारा. "आणि सा आणि प?" एका मुलीने विचारले. सून म्हणाली, "ते अचल. त्यांना कोमलही होता येत नाही आणि तीव्रही. जिथे आहेत तिथेच." मी पलंगावर पडल्या पडल्या आपल्या पायाकडे पाहिले. प्लास्टरच्या आत गुडघ्यामागे अशी खाज उठली होती की तिच्यासाठी मी माझी सारी कायद्याची पुस्तके दिली असती. खाजवायला विणकामाची सुई ठेवली होती, पण सुईचा प्लास्टरवर आवाज होतो. मी अचल राहिलो.

पुढे व्याख्या येत गेल्या आणि माझे हाल वाढले. कारण व्याख्या ऐकून गप्प बसणे मला शिकवलेलेच नाही. व्याख्येतला एक शब्द सैल असला की सबंध निकाल फिरतो, हे मी पाहिलेले आहे. मुली एका सुरात म्हणायच्या, "मात्रा म्हणजे ताल मोजण्याचे एकक," आणि माझ्या डोक्यात प्रश्न उभा राहायचा की ते एकक किती लांबीचे? सून सांगायची, ते लयीवर अवलंबून. मग लय म्हणजे? दोन मात्रांमधले सारखे अंतर. म्हणजे मात्रा लयीवरून ठरवायची आणि लय मात्रेवरून! असा दस्तऐवज कोणत्याही न्यायालयात टिकला नसता.

म्हणून मी चिठ्ठ्या लिहू लागलो. कागद काठीच्या टोकाशी रबरबँडने अडकवायचा आणि काठी चादरीखालून तिच्या पायापर्यंत सरकवायची. ती शिकवता शिकवता पायाच्या अंगठ्याने कागद ओढून घेई. उत्तर चहाच्या वेळी मिळत असे.

"बाबा, लय आधी असते. तुम्ही चालता ना, म्हणजे चालत होतात, तेव्हा पावलं सारख्या अंतरानं पडायची. ती लय. ती मोजायला आपण प्रत्येक पावलाला मात्रा म्हणतो."

"मग व्याख्येत तसे लिहा."

"व्याख्या संस्थेची आहे. पाठ आहे तसाच शिकवायचा, कारण सगळ्या मुलींना एकच परीक्षा. मी बदललं तर त्यांचे मार्क जातील."

"चुकीचे असले तरी?"

"अपुरं आहे, बाबा. चुकीचं नाही." आणि कप उचलून ती गेली. अपुरे आणि चुकीचे यांतला भेद तिने इतक्या सहज केला की मला उत्तर सुचेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या.

तालाचा पाठ आला तेव्हा मात्र प्रकरण चिघळले. त्रितालाच्या सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग. पहिल्या मात्रेला सम म्हणायचे, तिथे टाळी. पाचवीवर टाळी. तेरावीवर टाळी. नवव्या मात्रेवर टाळी द्यायची नाही. हात उघडून बाजूला न्यायचा. तिला खाली म्हणतात. सोळा झाल्या की पुन्हा सम. या एका फेरीला आवर्तन म्हणायचे. सुटका नाही, जिथून निघालात तिथेच यायचे, आणि आलात की लगेच निघायचे. मुली तोंडाने तबल्याचे बोल म्हणू लागल्या, "धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा," आणि हातांनी टाळ्या देऊ लागल्या. इतक्या दूरवरून त्यांच्या टाळ्या पुढेमागे पोचत होत्या. माझा हात प्लास्टरवर होता. प्लास्टरवर बोटांनी आघात केला की पोकळ, गोल असा आवाज निघतो. मी हलकेच ताल धरला. समेवर एक, पाचवीवर एक, नववीवर एक, तेरावीवर एक. विभाग चार असताना नोंदी तीनच का, हे मला पटले नव्हते. जे मोजले गेले त्याची नोंद झालीच पाहिजे.

तिसऱ्या आवर्तनाला एका मुलीने सर्वांना थांबवले. हीच ती, जिला प्रत्येक गोष्टीत प्रश्न पडायचा. "मॅम, खालीवर टाळी कोण देतंय?"

"कोणी नाही."

"देतंय, मॅम. ठक असं आलं. दोनदा."

"शेजारी भिंतीत खिळा ठोकतायत."

"पण मॅम, खिळा लयीत कसा?"

मुली हसल्या. सुनेची सावली हलली नाही. वर्ग संपल्यावर तिने चादर बाजूला सारली.

"बाबा, खालीवर टाळी नसते."

"मात्रा असते ना?"

"असते."

"मग तिची दखल?"

"हात हलतो ना. हाच तर फरक आहे. समेवर सगळे टाळी देतात, समजतं कुठे आलो. खालीवर आवाज नसतो, म्हणून कळतं की अर्धं झालं, आता समेकडे परतायचं. तिथेही टाळी दिलीत तर सोळा मात्रांत माणूस हरवेल." मग तिने चादरीची कड हातात धरली. "आणि त्या बाई वर्गात असताना हे झालं, तर माझं काय होईल, ते तुम्हीच सांगा."

ती गेल्यावर मी तिला एक पत्र लिहायला घेतले. त्यात खोली माझी आहे, मी रुग्ण आहे, माझ्या मौनाची संमती माझ्याकडून स्वखुशीने घेतलेली नाही, हे मुद्दे क्रमाने होते. तिसऱ्या परिच्छेदाला माझे मलाच उत्तर सुचले: तिच्या नोकरीचीही संमती कोणी घेतली होती? पत्र तिथेच थांबले. मी तिला कोंडले होते आणि तिने मला. अशा दाव्यात निकाल द्यायला न्यायाधीशही कंटाळतो आणि तारखा पडत राहतात.

आणि एक गोष्ट मी लपवणार नाही, कारण हितसंबंध आधी जाहीर करावा असा नियम आहे. त्या बाईंना वर्ग पटला नाही, तर माझी खोली मला परत मिळणार होती. चादर उतरणार होती. संध्याकाळी मला बातम्या ऐकता येणार होत्या, खोकता येणार होते, पाय खाजवता येणार होता. कुठल्याही तुरुंगातल्या माणसाला हे दिसतेच. मलाही दिसत होते, रोज, तानपुरा सुरू झाला की.

पाहणीच्या आधीच्या आठवड्यात रागांचा पाठ होता. वादी म्हणजे रागातला सर्वांत महत्त्वाचा स्वर. संवादी त्याच्या खालोखाल महत्त्वाचा. वादीपासून संवादी चौथा किंवा पाचवा असतो. रागात जो स्वर घेत नाहीत तो वर्ज्य. (वादी हा शब्द ऐकून माझे बार रूममधले जुने मित्र काय विनोद करतील, ते मला पाठ आहे. मी तो करणार नाही.) उदाहरणाला मारवा होता: रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य, वादी रिषभ, संवादी धैवत. त्या दिवशी तिने तानपुऱ्यातला पंचम काढून तिथे निषाद लावला होता. एरवी त्या घुमण्यात निदान एक आधार असे. त्या संध्याकाळी तोही काढून घेतल्यासारखे वाटले आणि माझी चिडचिड आणखी वाढली.

चहाच्या वेळी मी बोटे मोजून दाखवली. "रे, ग, म, प, ध. पाच. नियम पाळला गेला. एक तरी व्याख्या धड निघाली."

तिने हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. कितीतरी दिवसांनी तिचे डोळे चमकताना पाहिले. "कसा पाळला गेला, बाबा? मधला प तुम्ही मोजलात. तो मारव्यात आहे कुठे? जो रागातच नाही त्याला तुम्ही साक्षीला उभं केलंत!"

मी बोटे मिटली.

"आणि ऐका." तिने पेटी ओढली, भाता हलवला. आधी सा आणि प एकदम धरले. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले. मग कोमल रिषभ आणि धैवत. ते मिसळले नाहीत; शेजारी शेजारी उभे राहिले, एकमेकांकडे न बघता. "मोजणीत पाचवा येतो, कानाला येत नाही. रिषभ कोमल झाला, म्हणजे खाली सरकला. धैवत जागेवरच. अंतर वाढलं. सगळ्यांना माहीत आहे हे, पण पुस्तकात एका ओळीचा नियम छापलेला आहे."

मला राग आला, आणि रागाबरोबर कामाची ती जुनी हुशारी आली, जी मला वाटले होते की निवृत्तीबरोबर गेली. "पंचम मोजणे गैर नाही," मी म्हणालो. "मनाई उच्चाराला आहे, जागेला नाही. सप्तकात त्याची जागा ठरलेली आहे. माणूस बोलायचा बंद झाला म्हणून घरात त्याची खोली नाहीशी होत नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग चादरीकडे. "बाबा," ती म्हणाली, "हे तुम्ही पंचमाबद्दल बोललात ना?"

"पंचमाबद्दलच."

"बरं," असे म्हणून तिने पिशवी उचलली.

पाहणीच्या दिवशी तिने ठेवणीतली हातमागाची साडी नेसली. माझ्याजवळ पाण्याचा तांब्या, खडीसाखर आणि ज्येष्ठमधाचा तुकडा ठेवला. "घशात काही झालं तर आधी हे." सुई तिने उचलून नेली. काठी राहू दिली.

मुलींचे नमस्कार झाले. मग एक नवा, मोठा, स्वच्छ आवाज आला: "माझ्याकडे लक्ष देऊ नका, मी फक्त ऐकतेय." पाठ नेमका उजळणीचा होता आणि उजळणीत मारवा होता. सून व्याख्या सांगत गेली, मुली लिहीत गेल्या. आवाजात तिची भीती ऐकू येत होती. ती नेहमीपेक्षा किंचित चढ्या पट्टीत बोलत होती. वादी कोमल रिषभ. संवादी धैवत, वादीपासून पाचवा.

"मॅम," ती प्रश्नवाली मुलगी म्हणाली, "पाचवा कसा? प तर मारव्यात नाहीच ना?"

मी पलंगावर उठून बसलो. एवढ्या हजारो मैलांवरून, कोणीही न शिकवता, त्या पोरीने नेमके मर्म पकडले होते.

सून उत्तर द्यायला लागणार, तोच तो स्वच्छ आवाज आला. "मॅम, सॉरी, हे पाठात नाहीये. व्याख्या लिहून द्या आणि पुढे चला ना, प्लीज. मुलींचा गोंधळ होईल."

खोलीत फक्त तानपुरा उरला. चादरीवरची सावली स्थिर होती. व्याख्या लिहून दिली तर काम पक्के. मुलीच्या प्रश्नाला उत्तर दिले तर काम जाईल, असा त्या विनंतीचा सरळ अर्थ होता. मी चिठ्ठी लिहिली. माझा पंचमाच्या जागेचा मुद्दा, दोन ओळींत. काठीला लावली. आणि त्याच क्षणी घशात खोकला दाटला.

तो खरा होता. मी आणलेला नव्हता. पण तो जसजसा वर चढू लागला तसतसे मला स्पष्ट दिसू लागले की याला वाट दिली की बस. त्या बाई विचारतील, "मागे कोण आहे?" आणि उद्यापासून ही खोली माझी. हा गुन्हा कोणी माझ्यावर शाबीतही करू शकला नसता. वृद्ध माणूस, खोकला, नैसर्गिक क्रिया. मी ज्येष्ठमध तोंडात कोंबला. भागले नाही. मग पांघरुणाचे टोक दातांत धरले आणि दोन्ही हातांनी नाक-तोंड दाबले. काठी मांडीवर आडवी राहिली. चिठ्ठी तिथेच. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि छातीत कोणीतरी दार ठोठावत होते.

"एक मिनिट," सून म्हणाली. तिचा आवाज तिच्या नेहमीच्या पट्टीत उतरला होता. "आधी गाऊ. सा म्हणा. आता प. जुळलं?"

"जुळलं, मॅम."

"आता कोमल रे. आता ध. हे?"

मुली कुजबुजल्या. "नाही जुळत, मॅम. वेगळंच वाटतंय."

"बरोबर ऐकलंत. मोजलं तर पाचवा, ऐकलं तर नाही. आणि मोजताना प का धरला? कारण मनाई उच्चाराला आहे, जागेला नाही. प गायचा नाही, पण सप्तकातली त्याची जागा कोणी काढून घेतलेली नाही. ती मोजायचीच. परीक्षेत लिहा, संवादी धैवत, वादीपासून पाचवा. मार्क पूर्ण मिळतील. गाताना मात्र हे विसरू नका की ते दोघं जुळत नाहीत. ते जुळत नाहीत म्हणूनच मारवा संध्याकाळचा वाटतो." मग ती म्हणाली, "हे पाठात नाही. मला माहीत आहे."

माझे शब्द चादरीच्या पलीकडून माझ्याकडे परत आले होते, आणि मला हरकतही घेता येत नव्हती आणि दुजोराही देता येत नव्हता. खोकला केव्हा खाली बसला ते कळले नाही.

पलीकडून पेनाची खरखर ऐकू आली. मग तो नवा आवाज म्हणाला, "ठीक आहे. ताल घ्या."

"धा धिं धिं धा." मुलींच्या टाळ्या सुरू झाल्या, पुढेमागे, वेगवेगळ्या देशांतून. माझा हात सवयीने प्लास्टरवर गेला होता. समेवर मी बोट टेकवले, आवाज न करता. पाचवीवर टेकवले. नववी आली तेव्हा हात उचलला आणि बाजूला नेला. तिथे काही नव्हते. पण मी तिथे पोचलो होतो, हे मला कळले. आणि पुढे किती उरले आहे, हेही कळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. सून फोन हातात घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "काम पक्कं, बाबा. त्या बाईंनी लिहिलंय, पाठाच्या बाहेर जाऊ नये, अशी सूचना. आणि खाली लिहिलंय की मुलींनी याच मॅम मागितल्यात." ती आत आली नाही. "अजून दोन बॅच देतायत. सकाळच्या."

"सकाळच्याही?"

"तिकडे तेव्हा संध्याकाळ असते."

म्हणजे माझी शिक्षा दुप्पट झाली होती. आणि ज्या युक्तिवादाने झाली, तो माझा होता. एवढ्या वर्षांत माझ्याच मुद्द्यावर माझ्याविरुद्ध निकाल लागल्याचे मला आठवत नाही. माझा संताप अनावर झाला आणि तो कोणावर काढावा हे मात्र कळेना. खाली दुकानदाराने कॅन आपटल्याचा आवाज आला. निदान त्याला पत्र लिहिता येत होते.

"बाबा, तुमची हरकत असेल तर मी नाही म्हणते," ती म्हणाली. हे तिने मनापासून विचारले, आणि मला विचारण्यात आलेली ही पहिलीच वेळ होती.

"दोन अटी आहेत," मी म्हणालो. "चादर हातभर पुढे सरकवा. खिडकी माझ्या बाजूला आली पाहिजे. आणि सकाळी मारवा शिकवायचा नाही. त्याची वेळ संध्याकाळची आहे."

"चादर सरकवते. दुसरी अट नामंजूर. शास्त्र शिकवताना वेळा पाळल्या तर अर्धा अभ्यासक्रम राहील."

"मग माझा आक्षेप नोंदवून घ्या."

"घेतला," ती म्हणाली आणि दोरीची गाठ सोडायला स्टुलावर चढली.

प्लास्टर अजून निघायचे आहे. ते निघाल्यावरही दार तिच्याच बाजूला असणार. आता खिडकीतून पलीकडच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आणि आकाशाचा एक तुकडा दिसतो. सकाळी, अंघोळीचे पाणी तापायच्या आत, तानपुरा सुरू होतो. दूर कुठेतरी दिवस मावळत असतो आणि काही मुली हात पुढे करून बसलेल्या असतात. सून सम देते. मी मोजत राहतो. नवव्या मात्रेला निळ्या चादरीमागे माझा हात उठतो आणि आवाज न करता बाजूला जातो.